मुलांच्या हाती कोरा कागद द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले.)



मुलांच्या चित्रकलेवर बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चित्रकलेची एकही परीक्षा मी दिलेली नाही. पण गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मुलांचा वर्ग भरतो आणि त्या वर्गावर बसायचे काम माझ्याकडे आहे. पहिलीपासून आठवीपर्यंतची वीस-पंचवीस मुले येतात. काही आपल्या इमारतींतली, काही मागच्या वस्तीतली. त्यांच्याबरोबर बसून जे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले तेवढेच आज सांगणार आहे.

त्याबरोबर एक विनंतीही करणार आहे. ती शेवटी चोरून आणण्यापेक्षा आधीच सांगते. वर्धापनदिनाला आपण छापील चित्रे रंगवण्याची स्पर्धा घेतो. ती पुढच्या वर्षापासून बंद करावी आणि तेच पैसे शनिवारच्या वर्गाला द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय निघणार आहे. तेव्हा आज नीट ऐकून घ्या आणि मग काय तो निर्णय द्या.

स्पर्धेत आपण काय करतो? दुकानातून छापील चित्रे आणतो. एखादा मोर, एखादा फुगेवाला, झेंडा घेतलेला मुलगा. रंग ज्याचे त्याने आणायचे. अर्ध्या तासाने शिट्टी वाजते आणि ज्याचा रंग रेषेबाहेर गेला नाही त्याला कप मिळतो. यात मुलाने स्वतःचे काय घातले? मोर दुसऱ्याने काढलेला, त्याचा पिसारा दुसऱ्याने ठरवलेला. मुलाने तो नुसता भरला. वर ज्याच्याकडे अठ्ठेचाळीस रंगांची पेटी त्याचा मोर साहजिकच उठून दिसतो. चार तुटके खडू घेऊन आलेली एक मुलगी दोन वर्षांमागे कागद उलटा ठेवून अर्ध्यातून उठून गेली. तिला कोणी रागावले नव्हते. शेजारच्या मुलाची पेटी तिने पाहिली, एवढेच झाले.

दुसरी गोष्ट सहावीतल्या मुलीची. वर्गात आली, पण कागदाला हात लावीना. म्हणे, "काकू, मला चित्र येत नाही." खोदून विचारले तेव्हा कळले की दुसरीत असताना तिने आंबा जांभळा रंगवला होता आणि वहीत त्यावर लाल फुली पडली होती. चार वर्षे ती फुली पोरीच्या मनात बसून होती. आपल्यापैकी कितीजणी म्हणतात, "मला बाई चित्र येत नाही"! त्याच बायका दारात इतकी सुबक रांगोळी काढतात की पाय टाकायला जीव होत नाही. मग येत नाही ते काय? येत असते. आपल्याला येत नाही, अशी समजूत कोणीतरी करून दिलेली असते.

म्हणून वर्गात मी तीन नियम ठेवले आहेत. पहिला, आपली पेन्सिल मुलाच्या कागदाला लावायची नाही. मूल म्हणते, "काकू, घोडा काढून द्या." आपण काढून दिला की तो आपला घोडा झाला. त्यापेक्षा विचारावे, वरातीतला घोडा आठवतो का? त्याची मान पुढे असते की वर? चालताना कुठला पाय उचलतो? एकदोघांना घोडा करून खोलीभर चालायला लावावे. घोडा कागदावर उतरतो, मग तो कुत्र्यासारखा का दिसेना. दुसरा नियम, "हे काय काढलेस?" असे विचारायचे नाही. त्यात मुलाला "हे काही ओळखू येत नाही" असे ऐकू येते. "मला याविषयी सांग" म्हटले की मूल दहा मिनिटे बोलते. तिसरा नियम, कृती दाखवायची ती वेगळ्या कागदावर दाखवायची आणि तो कागद लगेच बाजूला ठेवायचा. समोर राहिला तर वीस मुलांची वीस चित्रे सारखी होतात.

वेळ पाऊण तास पुरतो. पाच-सात मिनिटे वस्तू पाहायची व बोलायचे, अर्धा तास करायचे, उरलेल्या वेळात एकमेकांची चित्रे पाहायची आणि पसारा आवरायचा. आवरणे मुलांनीच करायचे. प्रत्येक चित्राच्या मागे नाव आणि तारीख घालून ते जपून ठेवावे. वर्षाच्या शेवटी पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवले की मुलाचे मुलालाच कळते.

लहानांसाठी

तिसरी-चौथीपर्यंतचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला माहीत असते ते काढते. आजीच्या पोटातला लाडू बाहेरून दिसतो. घराला भिंत असूनही आतली चूल दिसते. बाबा झाडापेक्षा उंच असतात आणि आभाळ कागदाच्या वरच्या कडेला निळ्या पट्टीसारखे असते. हे चुकलेले नसते. ते त्या वयाचे पाहणे असते. तिथे सुधारायला जाऊ नये. या मुलांना तऱ्हेतऱ्हेचे सामान हाती द्यावे आणि मोकळे सोडावे.

पहिला धडा भाजीच्या ठशांचा. भेंडी जून निघाली की आपण चडफडतो. ती टाकू नका. आडवी कापली की फुलासारखा ठसा उठतो. कारले, अर्धा कांदा, कोबीचा देठ, दोडक्याची चकती, प्रत्येकाचा ठसा निराळा. ताटलीत जुन्या धुवट कपड्याची घडी ठेवावी, तिच्यावर पातळ रंग ओतावा, म्हणजे ठसा बरबटत नाही. आधी एकच ठसा उठवून मुलांना विचारावे, हे कशासारखे दिसते? मग ओळीने ठसे उठवायला सांगावे. ओळ झाली की काठ होतो. मधे पसरले की बुट्टी होते. आईच्या लुगड्याचा काठ, बुट्टी आणि पदर मुले तेव्हा पहिल्यांदा नीट पाहतात. मघाशी सांगितलेली सहावीतली मुलगी याच धड्याला खाली बसली. ठशाला कोणी चुकले म्हणत नाही ना! तिने कारल्याचा हातभर लांब काठ केला आणि आईला दाखवायला घडी घालून घेऊन गेली.

दुसरा धडा घासून काढायच्या चित्राचा. एखाद्या खरबरीत वस्तूवर पातळ कागद ठेवायचा आणि खडू आडवा धरून घासायचा. खालची नक्षी वर येते. पिंपळाचे पान, नाणे, चटई, जाळी, जुन्या वाड्याची फरसबंदी. आपल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देतात, त्याला मठार म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि त्याला झळाळीही येते. मठाराच्या घंगाळ्यावर कागद ठेवून घासला की खवल्यांसारखी नक्षी उठते. मुले त्यातून मासे करतात, नाग करतात, एकाने पावसाचे ढग केले. मुलांना एकदा त्या आळीतून फिरवून आणावे. तो ठोक्यांचा आवाज ऐकून आल्यावर त्यांनी काढलेल्या रेषासुद्धा निराळ्या येतात.

तिसरा धडा घरातल्या रंगांचा. रंगपेटी नसली म्हणून कुणाचे अडू नये, यासाठी हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हळद, गेरू, नीळ, कोळशाची पूड, चहाचे दाट पाणी, बिटाचा रस, फाल्गुनात पळसाची फुले. गेरू आणि कोळसा कागदाला धरत नाहीत, म्हणून त्यांत डिंकाचे पाणी घालावे. एक वाटी पाण्यात चमचाभर डिंक रात्री भिजत टाकला की सकाळी गाळून घेता येतो. ब्रश नसला तर काडीच्या टोकाला कापूस गुंडाळावा.

यातली एक गंमत सर्व मुलांना फार आवडते. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच कागदावर करायचे. हळदीचे पाणी कागदभर लावून वाळू द्यावे. मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून चित्र काढावे. पिवळ्यावर लाल रेषा उमटते! त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करीत, ते का, हे या धड्यात सांगता येते. चुन्याच्या निवळीनेही हा रंग पालटतो, पण चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये. शेवटी त्या कागदाचे दोन तुकडे करून एक उन्हात खिडकीला चिकटवावा आणि दुसरा कपाटात ठेवावा. आठ दिवसांनी उन्हातली हळद विटलेली दिसते. चित्रे उन्हात का टांगू नयेत, हे मग सांगावे लागत नाही.

चौथा धडा कागदाच्या घड्यांचा. होडी आणि विमान कुणाला येत नाही? त्यापुढे चौकोनी कागदाच्या चार घड्या घालून कडा कातरल्या की जाळी होते. कापण्याआधी प्रत्येकाने उलगडल्यावर काय दिसेल ते सांगायचे, मग उलगडायचे. अंदाज चुकला की मुले हसतात आणि दुसरा कागद मागतात. मद्रासकडच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले होते. म्हणजे आपली होडी काही पोरखेळ नव्हे.

मोठ्यांसाठी

पाचवी ते आठवीच्या मुलांचे दुखणे वेगळे असते. त्यांना आता चित्र खऱ्यासारखे हवे असते. ती शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहतात, आपल्या कागदाकडे पाहतात आणि खोडरबर हाती घेतात. बहुतेक मुले चित्र सोडतात ती याच वयात. मुलींचे तर त्याच सुमारास घरकाम वाढते आणि अभ्यासाचा धाक वाढतो. या मुलांना "मनाला येईल ते काढ" म्हटले तर ती रिकाम्या कागदाकडे पाहत बसतात. त्यांना पाहायला शिकवावे लागते.

यासाठी पहिला धडा हाताचा. डावा हात टेबलावर ठेवायचा, डोळे हातावरच ठेवायचे आणि कागदाकडे अजिबात न पाहता उजव्या हाताने सावकाश कड काढीत जायचे. चित्र वेडेवाकडे येणार, हे आधीच सांगावे. सगळ्यांचेच तसे येते, म्हणून कोणी लाजत नाही. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत बोटाचे पेर आणि नखाची गोलाई खरी आलेली असते. चार आठवड्यांनी मुलांना घरच्या कोणाचे तरी हात काढायला सांगावे. भाकरी थापणारे, शिलाई करणारे, मोबाईल धरलेले. एका मुलाने आपल्या आईचे भांडी घासून भेगाळलेले हात काढून आणले. ते चित्र पाहून वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

दुसरा धडा संग्रहालयातला. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, पेट्या, कोरीव दरवाजे. मुलांना सगळे दालन पळत दाखवू नये. प्रत्येकाने एकच अडकित्ता किंवा एकच दिवा निवडायचा. दहा मिनिटे नुसते पाहायचे. मग पाहून काढायचे. घरी आल्यावर न पाहता पुन्हा काढायचे. आणि तिसऱ्यांदा आपल्या मनाचा नवा अडकित्ता काढायचा. सुपारी कातरायच्या साध्या वस्तूला कारागिराने घोड्याचा, मोराचा आकार का दिला असेल, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

तिसरा धडा किल्ल्याचा. दिवाळीत पुण्यातली मुले किल्ला करतातच. हल्ली तयार किल्लेही विकत मिळतात. ते आणू नयेत. किल्ला हा चित्रकलेचा, मातीकामाचा आणि इतिहासाचा एकत्र धडा आहे. आधी किल्ला वरून कसा दिसेल ते कागदावर काढायचे. राजगड केला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठे आणि मधला बालेकिल्ला किती उंच, हे ठरवावे लागते. सिंहगड करायचा तर पर्वतीवर नेऊन तो दुरून दाखवावा आणि त्याची कड काढून आणायला सांगावी. मग दगड, विटा, पोती, त्यावर मातीचा लेप. हळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ येते. मावळे आणि गवळणी शाडूच्या करायच्या. आपल्या इमारतीत अंगण नसेल तर मोठ्या परातीत किल्ला होतो. आमच्या वर्गाने मागच्या दिवाळीत पाच पराती केल्या होत्या.

चौथा धडा आकाशकंदिलाचा. बुरूड आळीतून कामट्या आणाव्यात. सांगाडा बांधताना सगळ्या कामट्या सारख्या मापाच्या हव्यात, नाही तर कंदील लंगडतो. गणितात मापाचा कंटाळा करणारी मुले इथे आपणहून पट्टी मागतात. करंज्या आणि झिरमिळ्या प्रत्येकाने आपल्या कल्पनेने कराव्यात. आत दिवा लागल्यावर कुठला रंग जवळच्या रंगात मिसळतो ते संध्याकाळी अंधारात पाहावे.

पाचवा धडा वारली चित्रांचा. हल्ली वारली चित्र सगळीकडे दिसते, पडद्यावर, पेल्यावर, जिन्याच्या भिंतीवर. मुलेही दुसरे चित्र पाहून वर्तुळात नाचणारी माणसे काढतात. पण त्या चित्रांचे मूळ समजून घ्यावे. लग्नघरी गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ती बायकांची कला होती. पालघरकडचे जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नाशिवाय रोज काढायला सुरुवात केली. लहानपणी ते बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी या चित्रकारांनी वारल्यांच्या वस्तीत कागद आणि रंग नेले. त्या कोऱ्या कागदावर मशे यांनी आपल्या भोवतालचे जग काढले. जाळे टाकणारा कोळी, मुंग्यांचे वारूळ, शेतातली कापणी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

आता आपल्या मुलांनी काय करावे? त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ ही भाषा त्यांच्याकडून जरूर घ्यावी, पण सांगायचे ते आपले सांगावे. आधी मुलांनी एकमेकांपुढे उभे राहून वाकणे, ओढणे, उचलणे करून दाखवायचे. कंबरेत वाकलेला माणूस दोन त्रिकोणांत कसा बसवायचा ते पाहायचे. मग मंडईतली गर्दी, बसची रांग, नळावरचे भांडण, गणपतीची मिरवणूक काढायची. नळावरच्या भांडणाचे चित्र आपल्या खोलीत लावले आहे. त्यातल्या बायका कोण, हे मी सांगणार नाही. त्यांनी स्वतःला ओळखले आहे.

सामानाचे काय?

काही भगिनी म्हणतील, हे सगळे मोठ्या शाळांचे चोचले. तसे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. अनुताई तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. बालपणीच विधवा झालेल्या आणि पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे काम वाढले. परदेशी पद्धतीची महागडी साधने त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पाने, शिंपले, खडे, माती यांचीच साधने केली. शाळेत मुले येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव अंगणवाडी हा शब्द चालतो, त्याच्यामागे या बायकांचे कष्ट आहेत. आपल्या पुण्यातही आयुकाच्या मुक्तांगणात २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि टाकाऊ कागद यांतून शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. त्यांनाही २०१८ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा सामान नाही ही सबब आपण सांगू नये.

आणखी एक शंका येते. याचा परीक्षेला काय उपयोग? कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा होतात. आपल्यापैकी अनेकींची मुले त्यांना बसतात आणि दहावीच्या गुणांकडे डोळा ठेवूनच बसतात. त्यात काही वावगे नाही. पण तिथले विषय पाहा. समोरची वस्तू पाहून काढणे, आठवून प्रसंग काढणे, नक्षीचे संकल्पचित्र, भूमिती. अडकित्त्याचा धडा केलेल्या मुलाला वस्तुचित्र अवघड जात नाही. मंडईची गर्दी काढलेल्याला स्मरणचित्राची भीती वाटत नाही. ठसे आणि जाळ्या केलेल्याला संकल्पचित्र म्हणजे काय ते समजावे लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी तर भूमितीची सख्खी बहीण. पाठ केलेला एकच देखावा, दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी, तो मात्र फार दूर नेत नाही.

मग स्पर्धेऐवजी काय?

स्पर्धेत सोय आहे, हे मला मान्य आहे. चित्रे विकत मिळतात, परीक्षण चटकन होते, पालक फोटो काढायला येतात, सभागृह भरते. कोऱ्या कागदाचे परीक्षण करणे कठीण. भेंडीचा काठ मोठा की भेगाळलेले हात मोठे, हे कोण ठरवणार? म्हणून मी म्हणते, ठरवूच नये. वर्धापनदिनाला वर्षभरातले प्रत्येक मुलाचे एक चित्र लावावे. कुठले लावायचे ते मुलाने निवडावे. आपल्यातल्या एकेका भगिनीने एकेका मुलाजवळ बसून चित्राविषयी तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि चित्राखाली लावावे. ज्यांना चित्रातले काही कळत नाही असे वाटते, त्यांनी हे काम आधी घ्यावे. पालक येतील ते आपल्या मुलाचे चित्र पाहायला येतील, आणि सर्वांचेच पालक येतील.

कपांचे आणि छापील चित्रांचे पैसे वाचतील. त्यातून शाडू, गेरू, डिंक, जाड कागदाचे दस्ते आणि तीन प्राथमिक रंगांच्या मोठ्या बाटल्या घेता येतील. रंग मंडळाचे असतील, सर्वांपुढे सारखे. पेटी कोणाची मोठी, हा प्रश्नच उरणार नाही. शिवाय दर शनिवारी दोन भगिनी पाहिजेत. एकीने कापाकापीकडे लक्ष द्यावे, दुसरीने नुसते ऐकावे. चित्रकला यावी लागत नाही. जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या वाट्या, मापे गेलेले ब्लाऊजचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या, आणि हो, जून झालेल्या भेंड्या, जे ज्याच्याकडे असेल ते आणावे.

कागद उलटा ठेवून उठून गेलेली मुलगी अजून आपल्या वर्गात येत नाही. तिच्या आईला मी दोनदा सांगून पाहिले. "तिच्याकडे रंग नाहीत, ताई," एवढेच ती म्हणाली. रंग मंडळाचे झाले की मी तिसऱ्यांदा जाणार आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हात वर करताना त्या मुलीला एकदा डोळ्यांपुढे आणा, एवढे मागणे मागते आणि आपली रजा घेते.